सोलारिसचा समुद्र आणि आमची पन्नास मिनिटं

प्रकरण असं आहे. बेळगावच्या वडगावात एका मित्राच्या माडीवर आमचा वाचणाऱ्यांचा कंपू जमतो, नाव-बिव काही ठेवलेलं नाही, कोण कधी येईल त्याचाही नेम नसतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला इथल्याच एका हायस्कूलच्या हॉलमध्ये आम्हाला पन्नास मिनिटं मिळाली, काय करायचं ते तुम्हीच ठरवा म्हणाले. निपाणीचे सर, आयुष्यभर फिजिक्स शिकवून आता रिटायर झालेत, त्यांनी लगेच पोलिश लेखक स्टानिस्वाव लेमच्या ‘सोलारिस’ या विज्ञान कादंबरीचं नाव काढलं. मराठीतून अभिवाचन करायचं, तीन-चार आवाज, स्टेजवर खुर्च्या आणि माईक, बास. सगळ्यांनी माना डोलावल्या, अर्थात निम्म्यांनी पुस्तक वाचलंच नव्हतं म्हणून डोलावल्या.

अख्खी कादंबरी पन्नास मिनिटांत बसवायची म्हणजे कात्री आलीच, आणि ती कुठं लावायची हा प्रश्न या पुस्तकाच्या बाबतीत जरा नाजूक आहे, कारण याआधी ज्यांनी लावली त्यातल्या दोन नावाजलेल्या दिग्दर्शकांवर खुद्द लेखकच नाराज झाला होता. म्हणून ठरलं की आधी पुस्तक, मग सिनेमे, मग स्क्रिप्ट. त्या सगळ्यात जी भांडणं झाली ती इथं लिहून ठेवतोय, कारण सिनेमावाले पुस्तकाचं वाटोळं करतात असं आपण सहज बोलून जातो, पण वाटोळं नेमकं कुठल्या पायरीवर सुरू होतं ते स्वतः कात्री हातात घेतल्याशिवाय दिसत नाही.

आधी पुस्तक. १९६१ साली पोलिश भाषेत आलं. लेमचा जन्म १९२१ चा, ल्वूव शहरातला. तेव्हा ते पोलंडमध्ये होतं, दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत युक्रेनमध्ये गेलं आणि लेमच्या घरच्यांना बाडबिस्तरा गुंडाळून क्राकूवला यावं लागलं. सरांनी एवढं सांगितल्याबरोबर माडीवर सगळे एकमेकांकडं बघून हसले, गाव तिथंच आणि सरहद्द सरकली म्हटल्यावर आमच्याकडं कुणाचेही कान टवकारतात. याचा पुढं जाऊन घोळ झालाच, तो येईलच.

गोष्ट अशी की सोलारिस नावाचा ग्रह आहे, त्याला दोन सूर्य, एक तांबडा एक निळा. दोन सूर्यांच्या ओढाताणीत त्याची कक्षा टिकायला नको होती, पण टिकलीय, आणि ती टिकवतोय कोण तर ग्रहावरचा समुद्र. म्हणजे हा जो चिकट, लाटा मारणारा प्रकार आहे तो बहुतेक जिवंत आहे, बहुतेक विचारही करतो. ‘बहुतेक’ हा शब्द महत्त्वाचा. केल्विन नावाचा सायकॉलॉजिस्ट तिथल्या स्टेशनवर पोचतो तेव्हा त्याच्या जन्माच्याही शंभरेक वर्षं आधी या ग्रहाचा शोध लागलेला असतो आणि तेवढ्या काळात माणसानं समुद्रावर ढीगभर संशोधन करून ठेवलेलं असतं, त्या विद्याशाखेला सोलारिस्टिक्स असं नावसुद्धा पडलेलं असतं. स्टेशनवर एकानं, गिबारियननं, आत्महत्या केलीय, उरलेले दोघे, स्नाउट आणि सार्टोरियस, दारं लावून बसलेत. आणि दुसऱ्या दिवशी केल्विन झोपेतून उठतो तर समोर हारी बसलेली. हारी म्हणजे त्याची बायको, जिनं दहा वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना, त्याच्याशी भांडण झाल्यावर स्वतःला इंजेक्शन टोचून जीव दिला होता. समुद्रानं केल्विनच्या आठवणीतून ती बनवून पाठवलीय. कशासाठी? छळायला, भेट म्हणून, की नुसतंच कुतूहल, की आपण काही पाठवलं हे समुद्रालाच कळत नाही, ते पुस्तक संपेपर्यंत कुणालाच कळत नाही.

आता हे ऐकल्यावर कुठलाही माणूस म्हणणार की गोष्ट नवरा-बायकोची आहे. खानापूरचा पोरगा, इथं इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या एकांकिका लिहितो, तो हेच म्हणाला. सरांनी त्याला पुस्तकाची पानं मोजायला लावली, खरंच बोट ठेवून मोजायला लावली. मधली प्रकरणंच्या प्रकरणं केल्विन स्टेशनच्या लायब्ररीत बसून जुने ग्रंथ वाचतो आणि लेम ते ग्रंथ आपल्याला तपशिलात सांगतो. समुद्र पृष्ठभागावर जे अवाढव्य आकार उभे करतो त्यांना शास्त्रज्ञांनी नावं दिलीत, एकाला मिमॉइड, एकाला सिमेट्रियाड. गीझ नावाच्या पंडितानं त्यांचं काटेकोर वर्गीकरण करण्यात हयात घालवली आणि अशाच एका सिमेट्रियाडच्या स्फोटात गेला. एक पिढी म्हणते समुद्र म्हणजे महाबुद्धी, पुढची म्हणते मतिमंद गोळा आहे, तिसरी म्हणते आपला प्रश्नच चुकलाय, कुणी तर म्हणतो सोलारिस्टिक्स हा अंतराळयुगातला धर्मच आहे, संपर्काची वाट बघणं म्हणजे मोक्षाची वाट बघणं. ही सगळी विद्वत्ता खोटी, लेमनं रचलेली, आणि वाचताना हसू येतं कारण कुठल्याही युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतले धूळ खाल्लेले प्रबंध आठवतात. पण हसता हसता पायाखालची जमीन सरकते. शंभर वर्षं, इतके हुशार लोक, आणि हाताला काय लागलं तर नावं.

लेमला काय म्हणायचं होतं ते त्यानं नंतर स्वतः सांगितलंय. एक अशी गोष्ट जी नक्की आहे, प्रचंड ताकदीनं आहे, पण माणसाच्या कल्पनांमध्ये आणि चित्रांमध्ये मावत नाही, तिच्याशी माणसाची गाठ घालून द्यायची होती. त्या काळच्या विज्ञानकथांत परग्रहावरचे लोक म्हणजे एक तर दोस्त, नाही तर दुश्मन, मग आपण जिंकतो किंवा हरतो. त्याला हे तिन्ही रस्ते बंद करायचे होते.

पुस्तकातला एक प्रसंग इथं जरा थांबून सांगतो कारण पुढचं अर्धं भांडण त्याच्यावरून झालं. स्टेशनवर आल्यावर नको ते दिसायला लागतं तेव्हा केल्विनला वाटतं आपल्याला वेड लागलंय. आता वेड लागलंय की नाही हे वेड्यानं तपासायचं कसं? कुणाला विचारलं तर तो माणूसही भासच असू शकतो. तर हा गडी काय करतो, ग्रहाभोवती फिरणाऱ्या उपग्रहाच्या कॉम्प्युटरकडून त्याच्या फिरण्याचे आकडे मागवतो, पाच दशांश स्थळांपर्यंत, आणि ते न बघता ड्रॉवरमध्ये टाकतो. मग स्टेशनवर बसून तेच गणित स्वतः वेगळं करतो. मग कागद बाहेर काढून शेजारी ठेवतो. आकडे चौथ्या दशांशापर्यंत जुळतात. म्हणजे इतकं किचकट गणित त्याचं एकट्याचं डोकं भासात बसून करू शकलं नसतं, म्हणजे बाहेर जग खरोखर आहे, म्हणजे स्टेशनवर जे काय दिसतंय तेही खरोखर आहे. आणि हे सिद्ध झाल्यावर त्याला आनंद होत नाही, कारण वेड लागलं असतं तर बरं झालं असतं. सर हा प्रसंग सांगताना दरवेळी उभे राहतात.

मग सिनेमे. रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्कीचा १९७२ चा सिनेमा पावणेतीन तासांच्या आसपास जातो आणि सरांना निपाणीची बस पकडायची असते, त्यामुळं दोन रविवारी दोन तुकड्यांत बघितला, तसा तो मुळातच दोन भागांचा आहे. लॅपटॉप टीव्हीला जोडलेला, खाली इंग्रजी सबटायटल, आणि शेजारच्या गल्लीत पॉवरलूम चालू. वडगावात हे सांगायला नको, मागाची खडखड सुरू झाली की आपण आवाज वाढवतो एवढंच. पण या सिनेमात आवाज वाढवून काही उपयोग नाही कारण पहिला कितीतरी वेळ कुणी बोलतच नाही. तळं, पाण्याखाली हलणारं शेवाळ, घोडा, बापाचं लाकडी घर, पाऊस आला तरी केल्विन व्हरांड्यात तसाच बसून भिजतोय. पुस्तकात यातलं काहीच नाही बरं का, पुस्तक सुरू होतं तेच केल्विन यानाच्या कॅप्सूलमध्ये शिरतोय तिथून. मग एका गाडीतून हायवेचा प्रवास, टोकियोत शूट केलेला, बोगदे, पूल, दिवे, जवळजवळ पाच मिनिटं. माडीच्या मालकाची बायको, आम्ही सगळे मामी म्हणतो, ती चहा घेऊन आली आणि उभी राहून बघत बघत म्हणाली, “कुठं निघूलालाय हा? अजून पोचला नाही व्हय?”

हसलो सगळे, पण प्रश्न बिनचूक होता. लेमचा केल्विन पहिल्याच प्रकरणात निघून पोचतोसुद्धा, तारकोव्हस्कीचा केल्विन निघायलाच तयार नाही. दिग्दर्शकाला पृथ्वी दाखवायचीय, घर दाखवायचंय, म्हणजे मग स्टेशनवर गेल्यावर ते सगळं आठवत राहील. आणि स्टेशनवरची लायब्ररी सिनेमात आहे, फार सुंदर आहे, भिंतींवर ब्रूगेलची पेंटिंगं आहेत, बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांवरून कॅमेरा सावकाश फिरतो, मागं बाखचं संगीत. पण तिथं सोलारिसवरचा एकही ग्रंथ कुणी उघडत नाही. उघडतात काय, तर ‘डॉन किहोते’! सर कपाळावर हात मारून घेत होते. शंभर वर्षांच्या सगळ्या थिअऱ्या, गीझ, मिमॉइड, सिमेट्रियाड, सगळं साफ, आणि ती आकड्यांची परीक्षाही गायब.

मला मात्र सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते स्नाउटच्या भाषणानं. पुस्तकात स्नाउट केल्विनला सुनावतो की आपण अंतराळ जिंकायला निघालोय ही थाप आहे, आपल्याला पृथ्वीच तिथपर्यंत ताणायचीय, आपल्याला दुसरी जगं नकोतच, आपल्याला आरसे पाहिजेत. हेच बोलणं तारकोव्हस्कीनं ठेवलंय, जवळजवळ तसंच, त्या लायब्ररीत, स्नाउटच्या वाढदिवसाला. फक्त शेवटी एक जोड दिलीय, माणसाला माणूस हवा असतो. बघा, वाक्यं तीच आणि अर्थ पार उलटा झालाय. लेमकडं तो आरोप आहे, की तुम्ही इतक्या लांब आलात आणि समोर एवढं अगम्य काहीतरी पसरलेलं असताना बघताय काय तर स्वतःचं थोबाड. तारकोव्हस्कीकडं ती कबुली आहे, की हो, माणसाला माणूसच लागतो, तर कशाला उगाच लांब गेलास, घरी जा, बापाच्या पाया पड. आणि शेवटी तेच होतं, केल्विन घराच्या दारात बापापुढं गुडघे टेकतो, कॅमेरा वर वर जातो आणि कळतं की ते घर समुद्रातल्या एका बेटावर आहे, म्हणजे समुद्रानंच बनवून दिलंय. शेवट म्हणून अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण लेमचा शेवट हा नाही.

लेम स्क्रिप्टच्या वेळी मॉस्कोला गेला होता, तिथं दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि दिग्दर्शकाला मूर्ख म्हणून लेम परत आला, हे लेमनंच नंतर सांगितलंय. त्याचं म्हणणं होतं की यानं ‘सोलारिस’ केलाच नाही, यानं दोस्तोव्हस्कीचा ‘गुन्हा आणि शिक्षा’ केला, कारण सिनेमात उरलं काय तर त्या पोरीला मरायला लावल्याचा केल्विनला होणारा पश्चात्ताप. आई, बाप, मावशी, घर, माती हे सगळं कुठून आलं, असा त्याचा संताप. यात गंमत अशी की लेमनं सिनेमा पूर्ण असा बघितलाच नव्हता, स्क्रिप्ट माहीत होती तेवढ्यावर तो कायम बोलत राहिला. आणि तारकोव्हस्कीलाही आपला हा सिनेमा फारसा आवडत नव्हता, पण त्याची तक्रार बरोबर उलटी, की यातनं विज्ञानकथेचा सगळा पसारा, रॉकेटं नि स्टेशन, पुरता काढून टाकता आला नाही!

दुसरा, स्टीव्हन सोडरबर्गचा २००२ चा, जॉर्ज क्लूनीचा. यावर जास्त लिहीत नाही. शंभर मिनिटांच्या आत संपतो, दिसतो छान, समुद्र बाहेर खिडकीत दिव्यासारखा चमकत राहतो आणि त्याच्याबद्दल कुणालाच काही पडलेलं नाही, शेवटी नवरा-बायको पुन्हा एकत्र आणि सगळं माफ. लेमनं तोही न बघताच, आलेली परीक्षणं वाचून लिहिलं की पुस्तक अंतराळातल्या प्रेमाबद्दल असतं तर मी नाव ‘अंतराळातलं प्रेम’ असंच दिलं असतं, ‘सोलारिस’ दिलं नसतं. खानापूरच्या पोराला हा सिनेमा आवडला, मलाही वाईट वाटला नाही, पण सर मधेच उठून खाली जाऊन दूध घेऊन आले. रशियातच १९६८ साली टीव्हीसाठी एक ‘सोलारिस’ झाला होता, बोरिस निरेनबुर्गचा, ब्लॅक अँड व्हाइट, तो पुस्तकाच्या बराच जवळ आहे, घर-घोडा असलं काही नाही, माणसं खोलीत बसून बोलतात. आणि आज तो शोधून बघणारे किती? यावर सर गप्प बसले.

आता आमचं स्क्रिप्ट. पहिला खर्डा खानापूरच्या पोरानं आणला आणि तो वाचायला एक नंबर होता, डायलॉग खणखणीत. सुरुवात हारी येते तिथून, शेवट ती जाते तिथं. लायब्ररी एका वाक्यात उरकलेली, “इथं शंभर वर्षं संशोधन झालं, पण काही कळलं नाही.” आकडे नाहीत. म्हणजे ज्या दोन सिनेमांना सगळ्यांनी नावं ठेवली त्याच ठिकाणी याचीही कात्री चालली, आणि हा तर दोन्ही सिनेमे बघून, लेमचं सगळं ऐकून लिहायला बसला होता. मी त्याला दोष देत नाही. पन्नास मिनिटं समोर असली की हात आपोआप तोंडाकडं जातो, म्हणजे चेहऱ्याकडं, कारण समोर बसलेल्या पोराला रडणारी बाई लगेच कळते आणि सिमेट्रियाड कळत नाही. सिनेमात तर ते अजून अवघड, तिथं नटी आहे, तिचा क्लोजअप आहे, समुद्राचा क्लोजअप घेऊन घेणार काय? पुस्तकात हारीचा चेहरा आणि गीझचं वर्गीकरण दोन्ही एकाच काळ्या शाईत असतात, म्हणून तिथं लेमला तराजू बरोबर धरता येतो. पडद्यावर एका पारड्यात माणूस येऊन बसला की दुसरं वरच जाणार.

यावर सर म्हणाले की मग लायब्ररी नीट घ्या. पोरगा म्हणाला, “सर, नववीची पोरं झोपतील ओ.” आणि मग त्यानं तो दुसरा प्रस्ताव काढला, ज्याच्यावरून रविवार अख्खा गेला. म्हणाला समुद्राला आपल्या मातीतलं काहीतरी करूया. शंभर वर्षं लोक विचारताहेत आणि तो उत्तर देत नाही, म्हणजे काय? सीमाप्रश्न! १९५६ पासून आपण विचारतोय, महाजन कमिशन झालं, २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, अजून निकाल नाही. समुद्र म्हणजे सुप्रीम कोर्ट. लायब्ररी म्हणजे कमिशनचे रिपोर्ट. लेमचं गावही असंच गेलं होतं की!

खरं सांगतो, दोन मिनिटं माडीवर सगळ्यांना हे फार आवडलं. कुणीतरी टाळीसुद्धा दिली. हॉल डोक्यावर घेतला असता पोरांनी, यात शंका नाही. आमच्यातला एक जण घरी कन्नड बोलतो आणि मराठी आमच्याइतकंच वाचतो, तोच पहिला बोलला, आणि तो काही रागावून बोलला नाही. म्हणाला, “कोर्ट काय आहे ते आपल्याला माहीत आहे. तारीख का पडते ते माहीत आहे. कोण काय मागतंय तेपण माहीत आहे. मग यात न कळण्यासारखं काय राहिलं?” सरांनी तिथनं धागा पकडला. कोर्टाचा उशीर हा माणसांचा कारभार आहे, वकील, कागद, सरकारं, मतं, सगळं आपल्या ओळखीचं, चिडता येतं, मोर्चा काढता येतो. सोलारिसच्या समुद्रावर मोर्चा काढून बघा! ज्या क्षणी समुद्र म्हणजे अमुक असं म्हणालात, त्या क्षणी तुम्ही स्नाउटचा आरसा टांगला. तारकोव्हस्कीनं त्यात घर आणि बाप बघितला, सोडरबर्गनं हरवलेली बायको बघितली, आपण बेळगाव बघायला निघालोय. समुद्र आहे तिथंच आहे.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गाठ इथं आहे. सिनेमेवाल्यांनी पुस्तक वाचलं नाही, त्यांना कळलं नाही, धंद्यासाठी केलं, असं आपण म्हणतो ते तारकोव्हस्कीला तरी लागू नाही. पुस्तकात एक रिकामी जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे आणि प्रत्येकाला ती भरावीशी वाटते, जितका माणूस मनानं मोठा, जितकं त्याच्याकडं सांगण्यासारखं जास्त, तितका तो ती जास्त भरतो. त्यामुळं दिग्दर्शक जितका दमदार तितका सिनेमा भारी आणि लेमपासून तितकाच लांब. निरेनबुर्गनं फारसं काही भरलं नाही, तर त्याला विचारणारं कुणी उरलं नाही. हा सौदा कुणाला आवडो न आवडो, आहे हा असा आहे.

पोरगा सहजासहजी ऐकणारा नव्हता. त्याचा मुद्दा असा की लेमचा हेतू म्हणून तुम्ही जे धरून बसलाय ते तो नंतर बोललाय. आणि हे खरं आहे, लेमनं ही कादंबरी आधी आराखडा करून लिहिलेली नाही, केल्विन स्टेशनवर उतरला तेव्हा पुढं काय सापडणार ते आपल्यालाही माहीत नव्हतं असं तो सांगतो, आणि शेवटचं प्रकरण तर वर्षभर अडून राहिलं होतं. मग हारीला जन्माला कुणी घातलं? लेमनंच की. एवढी जिवंत पोरगी लिहायची आणि दुसऱ्यानं तिच्याकडं बघितलं की ओरडायचं, हा कुठला न्याय? याचं उत्तर सरांकडं नव्हतं. माझ्याकडं आजही पूर्ण नाही.

वाट काढली मामीनं. ती हारीचं वाचणार होती म्हणून तिनं पुस्तकाचे हारीचे तेवढे भाग सरांकडून मराठीत करून घेतले होते. ती म्हणाली, तुम्ही दोघं भांडताय की गोष्ट प्रेमाची का ज्ञानाची, पण या बाईला तरी कुठं ठाऊक आहे ती कोण आहे? आणि खरंच, पुस्तकात हारी रात्री केल्विन झोपला असताना मेलेल्या गिबारियननं ठेवलेली टेप ऐकते आणि तिला कळतं की आपण ती हारी नव्हेच, समुद्रानं पाठवलेलं काहीतरी आहोत, कदाचित याची परीक्षा घ्यायचं साधन. मग ती लिक्विड ऑक्सिजन पिते, आणि मरतही नाही, पुन्हा जुळून येते. म्हणजे स्टेशनवरचा सगळ्यात कठीण संशोधनाचा विषय आणि सगळ्यात प्रामाणिक संशोधक ही एकच बाई आहे. सिनेमात ती केल्विनचा पश्चात्ताप म्हणून येते, त्यानं काय केलं त्याची आठवण म्हणून. मामी म्हणाली मला “तुझं माझ्यावर प्रेम आहे का” हे वाक्य नको, ते काढा, मला “मी कशाची बनलेय” एवढंच राहू दे.

एवढ्यावर स्क्रिप्ट पुन्हा लिहिलं. सुरुवात आकड्यांनी. एक आवाज उपग्रहाचे आकडे वाचतो, शून्य पूर्णांक अमुक तमुक, दुसरा आवाज केल्विनचे आकडे, एकाआड एक, आणि ते जुळत जातात. हे पोरानंच बसवलं आणि झकास बसवलं, कारण त्यात नाट्य आहे हे वाचून बघितल्यावर त्याला पटलं. मग हारी येते. मग लायब्ररी, दहा-अकरा मिनिटं, चार आवाज चार पंडितांचे, प्रत्येक जण आधीच्याला खोडतो आणि तितक्याच ठामपणे बोलतो, आणि त्यांच्या मधेमधे मामीचा आवाज, टेप ऐकतानाचा, तिला कुणी उत्तर देत नाही. आरशाचं भाषण ठेवलं, पण माणसाला माणूस हवा ही जोड अर्थातच नाही. समुद्राला संगीत नाही, आवाज नाही, निवेदनात त्याच्याबद्दल जेवढं मोजता येतं तेवढंच. शेवट लेमचा. हारी कायमची गेल्यावर केल्विन पहिल्यांदाच स्टेशनबाहेर पडतो, एका जुन्या मिमॉइडवर उतरतो, काठाशी बसून हात पुढं करतो. लाट येते, थबकते, हाताला न शिवता हाताभोवती वळते, मधे हवेचा पातळ थर ठेवून. पुन्हा केलं की पुन्हा करते. मग कंटाळते, येत नाही. हे जुन्या संशोधकांनाही माहीत होतंच. केल्विन तिथं थांबतो, कशाची आशा आहे ते त्यालाही सांगता येत नाही.

कार्यक्रम झाला. पन्नासची पंचावन्न मिनिटं झाली, हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं, पण थांबवलं नाही. आकड्यांच्या वेळी पोरं खरंच चिडीचूप होती, दोन पोरी तर वहीत आकडे उतरवून घेत होत्या, कशाला कोण जाणे. लायब्ररीला मागच्या बाकांवर चुळबुळ झाली, नाही कशाला म्हणू. एक पोरगा शेवटी उभा राहिला आणि म्हणाला, सर, पण समुद्र चांगला का वाईट? सर म्हणाले, तुला काय वाटतं? तो म्हणाला चांगला, कारण त्यानं बायको परत दिली. मागनं एक पोरगी ओरडली, दिली कुठं, ती दुसरीच होती. मग दहा मिनिटं नुसता गोंधळ, आणि सर एका बाजूला उभे, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. एक शिक्षक मात्र बाहेर पडताना आम्हाला म्हणाले की चांगलं होतं, पण यातनं मुलांनी घ्यायचं काय ते शेवटी एका वाक्यात सांगायला पाहिजे होतं. तेही बरोबर असेल त्यांच्या जागी.

आता निपाणीत एके ठिकाणी करा म्हणून बोलावणं आहे, तिथं पस्तीसच मिनिटं देताहेत. म्हणजे कात्री पुन्हा आली. पोरगा म्हणतोय लाटेचा शेवट छोटा करू, सर म्हणताहेत स्नाउटचं भाषण अर्धं करू, मी म्हणतोय केल्विन पहिल्या हारीला रॉकेटनं पाठवून देतो, मग तशीच दुसरी येते, तो भाग काढू, आणि लायब्ररीला कुणी हात लावायचा नाही, नाही तर दुसरी हारी शोधा, असं मामीनं सांगून ठेवलंय.